आधी तो लाल ठिपका काढा

प्रश्न थोडक्यात असा आहे. चौघा मित्रांनी फाउंड फुटेज पद्धतीच्या भयपटाचा दीड मिनिटाचा ट्रेलर केलाय. २००३ साली तीन विद्यार्थी एका बंद पडलेल्या वसतिगृहात रात्रीचं शूटिंग करायला जातात, परत येत नाहीत, नंतर त्यांची टेप सापडते, अशी गोष्ट. शूट मोबाइलवर झालंय. वरून व्हीएचएसच्या, म्हणजे जुन्या व्हिडिओ कॅसेटच्या रेघा, दर दोन-तीन सेकंदांनी ग्लिच, म्हणजे चित्र बिघडल्याचा झटका, कोपऱ्यात लाल ठिपका आणि आरईसी, कॅमेरा सतत हलता. एवढं करूनही ज्याला दाखवावा तो म्हणतो, ‘मस्त केलंय रे!’ आणि नेमकं तेच खटकतंय, कारण त्याला ते ‘केलेलं’ दिसतंय. तर आता इफेक्टसाठी कुठलं प्लगइन (एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम) घ्यावं? जाता जाता, टायटलला फॉन्ट कुठला हेही विचारलंय.

प्लगइन कुठलंच घेऊ नका. उलट टाकलेलं सगळं एकदा काढून टाका. मी छोट्या भयपटांचं एडिटिंग आणि साउंड करतो, आणि या प्रकारातली बरीच कामं माझ्याकडे याच अवस्थेत येतात: खाली बरं फुटेज, वर धुळीचे पाच थर. थर उतरवले की निम्मं काम तिथेच होतं.

लाल ठिपक्यापासूनच सुरू करू. आरईसी, बॅटरीचं चित्र, चौकटीचे चार कोपरे हे सगळं शूट करणाऱ्याला व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतं. टेपवर ते उतरत नाही. घरात एखादी जुनी कॅसेट पडली असेल तर लावून बघा, लाल ठिपका कुठेही सापडणार नाही. सीसीटीव्ही आणि गाडीतल्या डॅशकॅमची गोष्ट वेगळी, त्यात वेळ चित्रावरच छापलेली असते. जुन्या व्हीएचएस कॅमेऱ्यांतही बटण दाबलं असेल तर तारीख छापली जायची. पण तुमची गोष्ट २००३ची आहे, म्हणजे त्या पोरांच्या हातात बहुधा मिनी डीव्हीचा, म्हणजे छोट्या डिजिटल कॅसेटचा हँडीकॅम असणार. त्यात तारीख-वेळ चित्रावर उमटत नसे. ती टेपवर वेगळी नोंदली जायची आणि टेप परत लावताना कोणी डेटा कोड (ती नोंद दाखवणारी सोय) चालू केला तरच पडद्यावर दिसायची.

मला यात गंमत वाटते ती अशी. ट्रेलर चालू असताना, शॉटच्या अगदी मध्येच, कोपऱ्यात तारीख आणि वेळ उमटली, तर त्याचा अर्थ होतो की ही टेप आत्ता कोणीतरी बघतंय आणि त्याला वेळ ताडून बघायची आहे. लाल ठिपक्याने काहीच कळत नाही. या तारखेने मात्र गोष्टीत एक चौथं माणूस आलं, तेही न दिसता.

मूळ अडचण इथे आहे. तुम्ही चित्र जुनं आणि खराब दिसावं म्हणून झटताय. खरं वाटायला चित्र खराब असावंच लागतं असं नाही. बघणाऱ्याला दोन गोष्टी पटाव्या लागतात: कॅमेरा धरणाऱ्याला त्या क्षणी काय टिपायचं होतं, आणि नंतर हे तुकडे जोडले कोणी. पहिली गोष्ट सगळ्याच फाउंड फुटेजला लागू आहे. दुसरी ट्रेलरची खास पंचाईत आहे. सापडलेली टेप आपोआप दीड मिनिटाची होत नाही. तिच्यावर कोणाची तरी कात्री चालते. ती कोणाची हे तुम्ही ठरवलेलं नाही, असं मला तुमच्या वर्णनावरून वाटतं.

आता काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, आणि त्या मला इथून कळणार नाहीत. पूर्ण चित्रपट तयार आहे की नुसता ट्रेलर, यावर खूप अवलंबून आहे. चित्रपट असेल तर त्याचंच फुटेज कापायचं आहे. नसेल तर ट्रेलरसाठी दोन-तीन लांब प्रसंग सलग शूट करा, सुटे सुटे ‘भीतीचे शॉट’ घेऊ नका. लोक तो मोबाइलवर बघणार की अंधाऱ्या सभागृहात, यावर आवाजाचं सगळं गणित बदलतं. आणि गोष्ट २००३मध्येच ठेवायची आहे का, हाही प्रश्न स्वतःला विचारा. ती आजच्या काळात आणली तर हातातला मोबाइल आहे तसा चालेल. निम्मी डोकेदुखी तिथेच मिटेल.

२००३च ठेवायचं असेल तर त्या काळातला चालू हँडीकॅम कुठून तरी मिळवा. कोणाच्या ना कोणाच्या कपाटात पडलेला असतो. त्या कॅमेऱ्याच्या खोड्या प्लगइनमध्ये नसतात. टॉर्चचा झोत थेट लेन्सवर आला की त्या काळच्या सीसीडी सेन्सरवर वरपासून खालपर्यंत एक उभी पांढरी रेघ उमटते; मोबाइलमध्ये ती येत नाही. टेप खराब झाली तर चित्रात चौकोनी ठोकळे दिसतात आणि आवाज अडखळतो. व्हीएचएससारख्या आडव्या रेघा सरकत नाहीत. तुमच्या ट्रेलरमध्ये चेहरा वितळल्यासारखा ओघळतो तो ग्लिच तर डीव्हीमध्ये शक्यच नाही. डीव्हीमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे साठवली जाते, त्यामुळे एक बिघडली तरी पुढची साफ येते. ओघळणं हा मोबाइल आणि इंटरनेटवरच्या व्हिडिओचा रोग आहे, कारण तिथे बहुतेक फ्रेम आधीच्या फ्रेमवर विसंबून असतात. बघणाऱ्याला हे शब्दांत सांगता येणार नाही. पण प्रत्येकाने आयुष्यात शेकडो तास असलं फुटेज बघितलेलं असतं, त्यामुळे व्हीएचएस, डीव्ही आणि मोबाइल यांची खिचडी झाली की डोळ्याला कळतं.

दोन वेगवेगळ्या जातींचं चित्र वापरता येतं, पण त्याला गोष्टीत कारण हवं. १९९९च्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’मध्ये रंगीत हाय-एट व्हिडिओ आणि कृष्णधवल १६ मिलीमीटर फिल्म असं दोन्ही आहे. ते पटतं, कारण पोरं फिल्मवर माहितीपट करतायत आणि व्हिडिओवर त्या माहितीपटाची धावपळ टिपतायत. कुठला कॅमेरा कधी उचलला, यावरून धरणाऱ्याच्या मनात काय चाललंय ते कळतं.

कॅमेरा मिळालाच नाही तर मोबाइलवर करा, पण त्याचं स्टॅबिलायझेशन बंद करा, पार्श्वभूमी धूसर करणारा मोड वापरू नका, आणि जमलं तर सेकंदाला ५० फ्रेमवर शूट करा. पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीमध्ये सेकंदाला २५ फ्रेम असतात खऱ्या, पण प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या भागांत टिपली जाते, म्हणून त्यातली हालचाल चित्रपटापेक्षा गुळगुळीत दिसते. ५० फ्रेमवरून इंटरलेस्ड २५ करून घेतलं की ती लय बऱ्यापैकी साधते. मग चौकट ४:३ करा, आकार ७२० गुणिले ५७६ला आणा, आणि तारीख दाखवायचीच असेल तर ती या सगळ्यानंतर टाका, कारण ती टेप लावल्यावर उमटते. उलट सीसीटीव्ही करत असाल तर वेळ आधी टाका आणि मग चित्राची फाइल दाबून लहान करा, म्हणजे आकडेही चित्राइतकेच कुरतडलेले दिसतील. धूसर चित्रावर कोरीव, लखलखीत आकडे दिसले की खेळ संपला.

कॅमेरा हलण्याबद्दल मात्र जरा सविस्तर बोलायला हवं. तुमच्याकडे तो सतत हलतोय. खरा माणूस कॅमेरा स्थिर धरायचा प्रयत्न करतो. त्याला दिसायला हवं असतं! हलतो तो प्रयत्न फसतो तेव्हा. आवाज आला की आधी माणसाची मान वळते आणि कॅमेरा मागून येतो, अर्ध्या सेकंदाने, आणि बहुतेक वेळा जरा पुढेच निघून जातो, मग मागे येतो, मग ऑटोफोकस चाचपडतो. या उशिरातच सगळी भीती आहे. ज्या शॉटमध्ये कॅमेरा आवाजाच्या आधीच दाराकडे वळलेला असतो तिथे बघणाऱ्याला कळतं की धरणाऱ्याने पटकथा वाचली आहे. म्हणून माझा नियम असा, की कॅमेरा धरणाऱ्याला काय होणार ते सांगायचं नाही. ‘या खोलीतल्या तीन पलंगांवरचे नंबर नीट टिप’ एवढंच काम द्यायचं. बाकीचं बाकीच्यांनी ठरवायचं. तो नंबर शोधत असताना मागे पलंग सरकला की जे मिळतं ते एडिटमध्ये हलवून कधी मिळत नाही.

‘एवढं घाबरलाय तर कॅमेरा टाकून पळत का नाही?’ हा जुनाच प्रश्न. त्यावर मला पटलेलं सगळ्यात सरळ उत्तर म्हणजे कॅमेरा हाच दिवा असणं. हँडीकॅमच्या इन्फ्रारेड मोडमध्ये गडद अंधारातही दिसतं, पण फक्त पडद्यावर. ज्याच्या हातात कॅमेरा त्यालाच डोळे, बाकीचे दोघे आंधळे. तो कॅमेरा टाकणार कसा? आणि हे करणार असाल तर खऱ्या अंधारात करा. उजेडात शूट करून वरून हिरवा रंग चढवला की नट एकमेकांच्या डोळ्यांत बघून बोलताना दिसतात. गडद अंधारात माणूस समोरच्याच्या खांद्याच्या जरा बाजूला बघतो, हात पुढे करून चालतो, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या असतात. हा अभिनय शिकवता येत नाही. दिवे घालवले की आपोआप येतो.

इथे आमची झालेली फजिती सांगतो, तुम्हाला उपयोगी पडेल. एका लघुपटात भिंतीवर लाल रंगाने लिहिलेलं वाक्य होतं. दोन तास घालवून सुरेख लिहिलं, दिवे घालवले, इन्फ्रारेड चालू केलं आणि पडद्यावर भिंत कोरी! त्या रंगाला इन्फ्रारेड प्रकाशात अस्तित्वच नव्हतं. वर नटाचा काळा शर्ट फिकट राखाडी दिसत होता. पुष्कळ रंग आणि कापडं असं करतात. आम्ही कोळशाने पुन्हा लिहिलं, कारण कार्बन इन्फ्रारेडमध्येही काळाच राहतो. नंतर वाटलं, ती कोरी भिंतच ठेवायला हवी होती: उजेडात वाक्य दिसतं, अंधारात नाही. तुमच्या गोष्टीत बसत असेल तर घेऊन टाका.

नटांना संवाद पाठ करायला देऊ नका. प्रसंग द्या, आणि प्रत्येकाला वेगळी चिठ्ठी द्या. एकाला ‘तुला लवकर घरी जायचंय’, दुसऱ्याला ‘किल्ली तुझ्याकडून हरवलीय, सांगायचं नाहीये’. मग ते आपोआप एकमेकांचं वाक्य तोडतील, अर्धवट सोडतील. मैत्रीत बोलताना कोणी सारखं नाव घेत नाही, आणि आपण कुठे चाललोय हे दोघांनाही ठाऊक असताना कोणी ते मोठ्याने समजावून सांगत नाही. तुमच्या ट्रेलरमध्ये ‘हेच ते वसतिगृह, जिथे दहा वर्षांपूर्वी...’ असं काही वाक्य असेल (असतंच!), तर ते काढा. आणि किंकाळ्या कमी करा. खरोखर घाबरलेला माणूस बहुधा आधी गप्प होतो. मग अगदी हळू आवाजात काहीतरी क्षुल्लक बोलतो. एका टेकमध्ये आमची नटी जिन्यात थबकली आणि कुजबुजली, ‘माझी चप्पल कुठंय?’ एवढंच. पायात दोन्ही चपला होत्या. ट्रेलरमध्ये आम्ही तेच ठेवलं आणि किंकाळी काढून टाकली.

आता आवाज. वेळ आणि पैसा दोन्ही कमी असतील तर सगळं इथे लावा. चित्र वाईट असलं तरी लोक समजून घेतात, पण आवाज स्टुडिओतला निघाला की विश्वास उडतो.

हँडीकॅम आणि मोबाइलमधला माइक आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करत असतो. शांतता झाली की तो कान ताणतो, आणि मागची सरसर वर येते. मोठा आवाज झाला की तो पटकन कान आखडून घेतो, आणि पुढचा काही क्षण सगळंच दबलेलं ऐकू येतं. हे एकदा नीट समजून घेतलं की भीती रचण्याचं हत्यारच हाती येतं. समजा, दार आपटतं. तो आवाज फाटलेला, चिरकलेला यायला हवा, कारण लहान माइक तो झेलूच शकत नाही. लगेच सगळं दबतं: श्वास, पावलं, सगळं लांब गेल्यासारखं. मग सेकंद-दीड सेकंदात सरसर हळूहळू वर येते. आणि ती वर येते तेव्हा तिच्यात आधी नसलेलं काहीतरी असतं. एक श्वास जास्त. कॅमेऱ्याच्या फार जवळचा. बस. संगीत नाही, ‘धुम्म’ नाही.

त्या ‘धुम्म’बद्दलही सांगतो. ट्रेलरमध्ये हटकून टाकला जाणारा तो खोल, पोटात घुमणारा आवाज कॅमेऱ्यातला चिमुकला माइक टिपूच शकत नाही, आणि मोबाइलचा स्पीकर तो वाजवूही शकत नाही. म्हणजे फुटेजमध्ये तो खोटा, आणि बघणाऱ्यापर्यंत पोचतही नाही. त्यापेक्षा कॅमेऱ्याचे स्वतःचे आवाज वापरा. टेपवाल्या हँडीकॅममध्ये अंगचा माइक टेपच्या मोटरची बारीक घरघर टिपतो. ती पूर्ण ट्रेलरभर असू द्या. बघणाऱ्याला ती दहा सेकंदांत ऐकू येईनाशी होते. मग जिथे खरंच पोटात गोळा यायला हवा तिथे ती बंद करा. काय बदललं हे कोणाला कळत नाही, पण माणूस ताठ होऊन बसतो.

स्वच्छ रेकॉर्ड केलेला आवाज जागेत बसवायची उत्तम रीत जुनी आहे: तो खऱ्या जागेत स्पीकरवर वाजवायचा आणि परत रेकॉर्ड करायचा. साउंड डिझायनर वॉल्टर मर्च यांनी याला ‘वर्ल्डायझिंग’ म्हटलं; १९७३च्या ‘अमेरिकन ग्राफिटी’तली गाणी अशीच जागेत बसवली आहेत. मी एका हाकेसाठी हे केलं. नटीने हाक स्टुडिओत छान मारली होती, पण जिन्याच्या शॉटवर ती चिकटवल्यासारखी वाटत होती. शेवटी स्पीकर तिसऱ्या मजल्यावर ठेवला, मी हँडीकॅम घेऊन तळमजल्यावरून वर चढत गेलो, आणि दर पंधरा सेकंदांनी हाक वाजवली. प्रत्येक वळणावर ती वेगळी ऐकू आली. एका वळणावर तर वरून येणारी हाक खालून आल्यासारखी वाटली. तीच वापरली. असली चूक संगणकावर बसून मला सुचली नसती. शूट संपल्यावर प्रत्येक खोलीतला, सगळ्यांनी गप्प उभं राहून, मिनिटभराचा नुसता शांततेचा आवाजही त्याच कॅमेऱ्यावर घ्या. एडिटमध्ये सांधे झाकायला तोच लागतो.

मग येते कात्री. तुकडे कोणी जोडले याची मला तीन उत्तरं चालतात. एक, वितरकाने: हा चित्रपटाचा ट्रेलर आहे हे उघड मान्य करायचं. २००९मध्ये ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’च्या ट्रेलरमध्ये चित्रपटाइतकेच अंधाऱ्या थिएटरात दचकणारे प्रेक्षक दाखवले होते. तिथे फुटेज खरं आहे असा दावा कोणी करत नव्हतं, पण भीती खरी असल्याचा पुरावा समोर होता. दोन, कोणीच नाही: एकच सलग तुकडा, जोड नाही, निवेदन नाही. २००७च्या जुलैमध्ये आलेल्या ‘क्लोव्हरफिल्ड’च्या टीझरमध्ये कट होते, पण निवेदन नव्हतं; त्यावर चित्रपटाचं नावसुद्धा नव्हतं, प्रदर्शनाची तारीख मात्र होती. लोक महिनोन् महिने तर्क लढवत बसले. तीन, गोष्टीतल्याच कोणीतरी: तपास करणारा, घरचा माणूस, किंवा ज्याला ही टेप मिळाली तो.

तुमच्यासाठी मला तिसरं उत्तर आवडतं, कारण ते डेटा कोडच्या तारखेशी जुळतं. मग कट कुठे आणि कसे येतील हेही तो माणूसच ठरवतो. तो टेप पुढे पळवेल. एका जागी थांबेल. मागे घेईल. तोच दीड सेकंद परत बघेल, आणि या वेळी आपणही बघू की जिन्याच्या कठड्यावर दोनच्या जागी तीन हात आहेत. बघ, बघ, भूत बघ, असं कोणी म्हणालेलं नाही. पहिल्यांदा कॅमेरा तिथून सहज सरकून गेला, धरणाऱ्याच्या लक्षात आलं नाही, आपल्याही नाही. २५ फ्रेमच्या हिशोबात असा क्षण मी आठ ते बारा फ्रेम ठेवतो, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या आत. त्याहून कमी ठेवला तर नुसता झटका वाटतो, जास्त ठेवला तर लोक रबरी बोटं मोजायला लागतात.

टेपची आणखी एक देणगी आहे. तिच्यावर आधी काहीतरी रेकॉर्ड केलेलं असतं. नवीन शूट जिथे थांबतं तिथे जुनं दोन सेकंद डोकावतं: कोणाचा तरी वाढदिवस, क्रिकेटची मॅच, हसणारी आई. रात्रीच्या काळोखातून एकदम भर दुपारच्या अंगणात. माझ्या मते कुठल्याही काळ्या पडद्यापेक्षा हा कट जास्त अंगावर येतो, आणि तो पटतो, कारण टेप असलेल्या प्रत्येक घरात हे घडलेलं आहे. टेप मध्येच बंद पडली तरी तोवरचं सगळं तिच्यावर राहतं, हेही तुमच्या गोष्टीच्या पथ्यावर पडणारं. मोबाइलमध्ये रेकॉर्डिंग चालू असताना बॅटरी अचानक बंद पडली तर फाइल पुष्कळदा उघडतच नाही, कारण तिची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते. गोष्ट आजच्या काळात आणायची ठरवलीत तर याचं उत्तर आधी शोधून ठेवा.

दोन सूचना मुकाट्याने पाळा. चकचकणाऱ्या प्रकाशाचे झटके सेकंदाला तीनपेक्षा जास्त ठेवू नका; काहींना त्याने अपस्माराचा झटका येऊ शकतो. आणि खरेपणाच्या नादात खऱ्या पोलिसांचं बोधचिन्ह, खरा फोन नंबर, ‘हे बेपत्ता आहेत’ अशी भिंतीवरची पत्रकं असलं काही करू नका. १९८०च्या ‘कॅनिबल होलोकॉस्ट’च्या दिग्दर्शकाला, रुजेरो देओदातोला, आपले नट जिवंत आहेत हे इटलीत न्यायालयासमोर सिद्ध करावं लागलं होतं. तुमचे नट जिवंत राहावेत म्हणून आणखी एक: कॅमेऱ्याच्या पडद्यात बघत अंधारात जिना उतरणाऱ्या माणसाच्या पुढे एक माणूस चालवा, फ्रेमच्या बाहेर, आणि पायऱ्या दिवसा मोजून ठेवा.

तर उद्या बसाल तेव्हा आधी थर उतरवा. मग आवाज बंद करून बघा आणि प्रत्येक शॉटला विचारा, इथे कॅमेरा का चालू आहे. नंतर डोळे मिटून नुसतं ऐका. जिथे उत्तर येणार नाही तो शॉट, कितीही आवडता असला तरी, जाऊ द्या. दीड मिनिटाचा ट्रेलर पन्नास सेकंदांवर आला तर घाबरू नका. बहुतेक वेळा येतोच.

फॉन्टचं राहिलं. फॉन्ट नको. रिकाम्या मिनी डीव्ही कॅसेटवर कागदी लेबल चिकटवा, आणि टेप सांभाळणारं पात्र ज्या नटाचं आहे त्यालाच बॉलपेनने त्यावर नाव लिहायला लावा, तेही घाईत, मांडीवर ठेवून. ते लेबल शेवटी तीन सेकंद दाखवा, तेच तुमचं टायटल. नावाखाली ‘टेप ३’ असंही लिहून घ्या. पहिल्या दोन कुठे आहेत ते सांगू नका.